नगरपंचायतीचा डीपी: हरकतीची वाट बघू नका, पाहणीला हजर राहा

प्रश्न थोडक्यात असा. तालुक्याच्या गावाची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली आणि आता तिथली पहिली विकास योजना, म्हणजे डीपी, तयार होतेय. विचारणारे पहिल्यांदाच निवडून आलेले नगरसेवक आहेत. वीस वर्षांचा हा नकाशा कोण बनवतं, त्यात नगरसेवकाच्या हातात काय असतं, आणि शेजारच्या गावचे सरपंच म्हणतात की "आमचा आराखडा तर दरवर्षीच होतो", मग दोन्हींत फरक काय, हे त्यांना हवंय. शिवाय गावात दलाल फिरताहेत, "भाऊ, तुमचं वावर पिवळ्यात येऊन राहिलं" म्हणून. पिवळा म्हणजे नकाशातला निवासी पट्टा. त्यांचं काय करावं?

नोकरीची वर्षं नगररचनेच्या कामात गेली, त्यातली बरीचशी विदर्भातल्या लहान गावांत, म्हणून जरा मोकळेपणानं लिहितो. आधी मुद्द्याचं: डीपी बिघडतो तो बहुतेक वेळा पाहणीतच बिघडतो. लोक मात्र जागे होतात आरक्षण, म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेली जागा, छापून आल्यावर. तोवर नकाशाचा सांगाडा पक्का झालेला असतो आणि मग एकेका शेतावरून भांडण चालतं.

कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. कलम २३ खाली नगरपंचायत इरादा जाहीर करते, की आम्ही आमच्या हद्दीची विकास योजना करणार. कलम २४ खाली नगररचना अधिकारी नेमला जातो. लहान गावाकडे स्वतःचा नगररचनाकार कुठून असणार, म्हणून हा अधिकारी बहुधा शासनाच्या नगररचना विभागाचाच असतो, जिल्ह्याच्या शाखेतला किंवा विशेष घटकातला. कलम २५ खाली तो पाहणी करून विद्यमान जमीन वापराचा नकाशा काढतो. त्यावरून प्रारूप योजना होते, ती सभागृहापुढे येते, आणि कलम २६ खाली राजपत्रात सूचना देऊन प्रसिद्ध होते. मग हरकती, कलम २८ ची नियोजन समिती, सुनावणी, बदल. शेवटी कलम ३१ खाली शासनाची मंजुरी. मंजुरीच्या वेळी शासन काही भाग बाजूला ठेवू शकतं, तो वगळलेला भाग म्हणून पुन्हा हरकतींना जातो. कायद्यानं प्रत्येक टप्प्याला मुदत घातली आहे. ती क्वचितच पाळली जाते, आणि नगरपंचायतीकडून काम अगदीच रखडलं तर शासन ते आपल्या अधिकाऱ्याकडे सोपवू शकतं. तसं झालं की सभागृहाला नकाशावर बोलायला फारसं उरत नाही.

आता पाहणी. इथे जरा थांबतो, कारण सगळी मजा इथेच आहे.

मूळ नकाशा तयार होतो भूमि अभिलेखकडच्या गाव नकाशांवरून. हद्दीत दोन-तीन मौजे असतील तर त्यांचे नकाशे एकमेकांना जोडावे लागतात आणि शिवेवर ते हमखास जुळत नाहीत. एका मौजाच्या नकाशात धुरा, म्हणजे शेताचा बांध, एकीकडे, दुसऱ्यात तो चार हात पलीकडे. त्यावर उपग्रहाचं छायाचित्र ठेवतात. छायाचित्र शक्यतो उन्हाळ्यातलं घेतात, कारण तेव्हा ढग नसतात. पण विदर्भातला नाला उन्हाळ्यात कोरडा ठक्क असतो, त्यातून बैलबंड्या आणि ट्रॅक्टर जातात, चाकोऱ्या पडतात. वरून पाहिलं की तो झकास रस्ता दिसतो.

वर्धा जिल्ह्याकडच्या एका गावात असंच झालं होतं. गाव नकाशात पांदण, म्हणजे शेतात जायची वाट, दाखवलेली, छायाचित्रात चाकोरी ठळक, तेव्हा कच्च्या आखणीत त्याच रेघेवर बारा मीटरचा रस्ता आला. आम्ही पायी फिरायला गेलो तेव्हा बांधावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं नकाशा उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "साहेब, नावाचीच पांदण हाय हे. पावसायात इथून बैलबंडी नाई निंघत, पानीच वाह्यते." वरच्या शेतकऱ्यांनी बांध घातल्यावर पाण्यानं तीच वाट धरली होती आणि वाट हळूहळू नाला झाली होती. कागदावर याचा कुठेच पत्ता नव्हता. रस्ता दोन शेतं वर, धुऱ्याच्या कडेनं सरकवला आणि खालची पट्टी नाला म्हणून दाखवली. तो म्हातारा भेटला नसता तर नगरपंचायतीनं त्या नाल्यातच डांबर ओतलं असतं.

म्हणून पाहणीचं पथक प्रभागात येईल तेव्हा तुम्ही सोबत असलं पाहिजे. फक्त घरं आणि दुकानं दाखवू नका. गुरांचा आखर कुठे भरतो, पोळ्याचं तोरण कुठे बांधतात, खळी कुठे पडतात, दहनघाट किती आणि कोणाकोणाचे, दफनभूमी कुठे, हे दाखवा. आठवडी बाजार शुक्रवारी आणि पथक आलं मंगळवारी, तर नकाशात त्या जागी "मोकळी जागा" लिहिलं जाईल आणि तिथे उद्या व्यापारी संकुल येईल. जिनिंगसमोर कापसाच्या हंगामात गाड्यांची रांग मुख्य रस्त्यावर किती दूर येते, हे जूनमध्ये कोणाला दिसणार? धान खरेदी केंद्राचं तेच. हंगामी वापर नकाशावर आणायचा तर तो सांगणारा माणूस गावातलाच लागतो.

आपल्या भागात कागदही वेगळे आहेत. निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज ही मालगुजारीच्या काळापासून चालत आलेली दप्तरं, उर्वरित महाराष्ट्रातून बदलून आलेल्या अधिकाऱ्याला त्यांची सवय नसते. गावाचे चराईचे, पाण्याचे, वाटेचे, मुरूम-मातीचे हक्क त्यात लिहिलेले असतात. तहसीलमधून किंवा जिल्ह्याच्या अभिलेख कक्षातून नकला काढा आणि नगररचना अधिकाऱ्याच्या हातात ठेवा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे असाल तर मामा तलावांचं, म्हणजे माजी मालगुजारी तलावांचं, खास बघा. तलावाचं नुसतं पाणी दाखवून भागत नाही. पाळ, सांडवा, खालचे पाट आणि वरून पाणी येण्याची वाट हे सगळं नकाशावर आलं पाहिजे. वरची वाट निवासी पट्ट्यात गेली की तलाव दहा वर्षांत डबकं होतो आणि मग सौंदर्यीकरणाचे प्रस्ताव सुरू होतात.

पूररेषा पाटबंधारे खात्याकडून मागवतात: निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. मोठ्या नद्यांवर कुठे कुठे ती आखलेली असते, लहान नाल्यांवर बहुधा नसतेच. तिथे गावाची आठवण हाच पुरावा. पाणी कोणत्या देवळाच्या पायरीला लागलं होतं, कोणत्या साली, ते लिहून द्या. नरखेड तालुक्यातल्या मोवाडला ३० जुलै १९९१ च्या पहाटे वर्धा नदीच्या पुरानं दोनशेवर माणसं नेली आणि पुढे गावाला नव्या जागी वसवावं लागलं. नदीकाठच्या स्वस्त जागेवर झोपडपट्टी पुनर्वसनाचं आरक्षण टाकायचा मोह होतो तेव्हा मी सभागृहात मोवाडचं नाव घ्यायचो. बाकी काही बोलावं लागत नसे.

दुसरा मोह सरकारी जागेचा. आरक्षण खासगी शेतावर टाकलं की मोबदला आला, कोर्ट आलं, म्हणून सगळ्यांची नजर सातबारावर "सरकार" लिहिलेल्या जागेकडे जाते. बागही तिथे, शाळाही तिथे, घनकचऱ्याचा डेपोही तिथेच. वऱ्हाडात ही जागा बहुधा ई-क्लास असते, म्हणजे गुरचरण. सार्वजनिक वापराच्या अशा जमिनी सांभाळण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निकाल आहे आणि त्यानंतर राज्य शासनानंही त्या देण्याघेण्यावर बंधनं घातली. नागपूर विभागात त्याहून मोठं दुखणं झुडपी जंगलाचं. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसुली कागदावर झुडपी जंगल म्हणून नोंदलेली हजारो हेक्टर जमीन आहे आणि तिच्यावर शाळा, दवाखाने, सरकारी कचेऱ्या, वस्त्या उभ्या आहेत. २२ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ही जमीन वनच मानली. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी झालेल्या वाटपांना नियमित करायची वाट ठेवली आहे, पण तीही राज्यानं केंद्राकडे प्रस्ताव पाठवून. थोडक्यात, "तिकडे झुडप्या पडूनच आहेत, टाका तिथे क्रीडांगण" हे दिवस गेले. टाकलेलं आरक्षण वीस वर्षं नुसतं रंगात राहील. प्रत्येक सरकारी तुकड्याची नोंद पटवाऱ्याकडून आणि वन खात्याकडून, दोन्हीकडून, लेखी घ्या.

लोकसंख्येचं गणित मात्र लवकर उरकतो, कारण त्यात नगरसेवकानं फक्त एकच गोष्ट बघायची: अंदाज फुगवलेला आहे का. शेवटची जनगणना २०११ ची, तिच्यावरून वीस वर्षांचा अंदाज काढतात. समजा तुमच्या गावाची लोकसंख्या वीस हजार होणार आणि हेक्टरी शंभर माणसं धरली, तर निवासाला दोनशे हेक्टर लागतील. आज गावठाण आणि ले-आउट मिळून एकशेवीस हेक्टर असेल तर नवीन ऐंशी पुरेत. पण सभागृहात प्रत्येकाला आपल्या बाजूचं शेत पिवळं हवं असतं, आणि ऐंशीचे तीनशे होतात. विदर्भातली बरीच तालुक्याची गावं भराभरा वाढत नाहीत. तरुण पोरं नागपूर, पुण्याला जातात. मग त्या तीनशे हेक्टरांत इथे चार घरं, तिथे सहा, मध्ये तूर आणि गाजरगवत. नगरपंचायतीला मात्र पाइप, दिवे, नाली आणि घंटागाडी त्या प्रत्येक चार घरांपर्यंत न्यावी लागते. माझं स्पष्ट मत आहे की लहान गावात पिवळा रंग कंजूषपणे वापरावा, आणि वाढ बरडाकडे, म्हणजे हलक्या जमिनीकडे, न्यावी. काळ्या भारी जमिनीत पाया फुगतो-आखडतो, भिंती तडकतात, बांधकाम महाग पडतं, आणि पिकाची जमीन जाते ती वेगळीच. पण काळी जमीन बहुधा रस्त्याला लागून असते आणि तिचे मालक वजनदार असतात. नियोजनातली ही अडचण कुठल्याही संगणकावर सुटत नाही.

आरक्षणांचं पाहू. शाळा, दवाखाना, बाग, भाजी बाजार, बसस्थानक, पाण्याची टाकी, सांडपाणी प्रकल्प अशा कामांना जागा राखून ठेवायच्या, रस्ते आखायचे. जागा मिळवायचे मार्ग कलम १२६ मध्ये आहेत: बोलणी करून विकत घेणं, जागेच्या बदल्यात चटईक्षेत्र (म्हणजे जास्त बांधकामाची मुभा) किंवा हस्तांतरणीय विकास हक्क (म्हणजे ती मुभा दुसरीकडे वापरायचा किंवा विकायचा हक्क) देणं, नाहीतर भूसंपादन. पुण्यात विकास हक्काला बाजार आहे. तुमच्या गावात जिथे लोक दुमजली घरसुद्धा दहादा विचार करून बांधतात तिथे जास्तीचं चटईक्षेत्र घेऊन कोण काय करणार? म्हणजे उरतं रोख पैशानं घेणं, आणि भूसंपादनाचा मोबदला २०१३ च्या कायद्याप्रमाणे द्यावा लागतो. नगरपंचायतीच्या तिजोरीत तेवढे पैसे नसतात, हे आपल्याला दोघांनाही ठाऊक आहे.

मग काय होतं? अंतिम योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक कलम १२७ खाली खरेदीची नोटीस देतो, मालकीचे कागद जोडून. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्याची कार्यवाहीच सुरू झाली नाही तर आरक्षण रद्द होतं. दहा वर्षं शेतकऱ्याला जागा विकता येत नाही नीट, कर्ज मिळत नाही नीट, आणि शेवटी गावालाही बाग मिळत नाही. एवढं मात्र लोकांना सांगा: आरक्षण पडलं म्हणून वहिती थांबत नाही, शेती करायला कोणाची परवानगी लागत नाही.

म्हणून प्रारूप योजना सभागृहात येईल तेव्हा मुख्याधिकाऱ्यांना एकच तक्ता मागा. प्रत्येक आरक्षणासमोर क्षेत्र, मालक, अंदाजे मोबदला आणि पैसा कोणत्या योजनेतून येणार ते रकाने. ज्याच्यासमोरचा शेवटचा रकाना कोरा राहील ते आरक्षण खरंच हवं का, यावर चर्चा होऊ द्या. मोठ्या ले-आउटमध्ये दहा टक्के मोकळी जागा तशीही सोडावी लागते. गावात लहान बागा हव्या असतील तर त्या जागा नगरपंचायतीच्या ताब्यात नीट घेणं हे नवं आरक्षण टाकण्यापेक्षा स्वस्त पडतं. एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०२० च्या डिसेंबरात लागू झाली, तिच्यात समावेशक आरक्षणाची सोय आहे. मालकानं ठरावीक भाग बांधून किंवा मोकळा करून नगरपंचायतीला द्यायचा, उरलेला स्वतः विकसित करायचा. बाजारपेठेतल्या जागेवर हे जमतं, गावाबाहेरच्या शेतावर नाही.

सुनावणीचं थोडक्यात. हरकतीची मुदत राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून मोजतात, नगरपंचायतीच्या फलकावर कागद चिकटला त्या दिवसापासून नाही. नियोजन समितीत सभागृहातले तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. सातशे लोकांनी एकाच छापील मसुद्यावर सह्या केल्या तर त्या सातशे हरकती एका दुपारी निकालात निघतात. उलट ज्या हरकतीत मौजा, खसरा किंवा सर्व्हे नंबर, आराजी (क्षेत्र), सातबारा, मोजणीची क प्रत आणि पर्यायी जागा असते, ती समितीला बाजूला सारता येत नाही. "अन्याय झाला" एवढंच लिहिलेल्या कागदावर समिती तरी काय करणार? आणि पोच घ्यायला विसरू नका.

सरपंचांना काय सांगायचं ते आता. त्यांचा तो ग्रामपंचायत विकास आराखडा. "आमचं गाव, आमचा विकास" म्हणून २०१५ पासून राज्यात सुरू झालेला. तो मुख्यतः खर्चाचा कागद आहे: वित्त आयोगाचा आणि इतर निधी कशावर खर्चायचा. पंधराव्या वित्त आयोगात त्यातला साठ टक्के पैसा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. कोणत्या शेतात घरं होतील, कोणतं शेतच राहील, हे त्या आराखड्यातून ठरत नाही. ते प्रादेशिक योजनेतून ठरतं, आणि तिचा नकाशा इतक्या मोठ्या भागाचा असतो की गाव त्यात एका ठिपक्याएवढं दिसतं. गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरांच्या आतल्या जमिनीला निवासी वापरासाठी जमीन महसूल अधिनियमात सवलत मिळत आली आहे. ग्रामीण भागातली खरी वाढ याच पट्ट्यात होते, आणि इथे नकाशा काढणारं कोणी नसतं. सरपंचांना माझा सल्ला असा की कायद्यानं मागितला नसला तरी त्या दोनशे मीटरांचा एक साधा नकाशा ग्रामसभेत मांडून घ्या: पांदणी, नाले, आखर, पुढच्या टाकीची जागा, दोन पुढचे रस्ते. तो बंधनकारक नाही, पण ग्रामसभेचा ठराव जोडलेला असला की ले-आउटची परवानगी देणारा अधिकारी सहसा तो बघतो.

गडचिरोलीकडची गोष्ट निराळी. पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी अनुसूचित भागात, ग्रामसभेला कायद्यानंच जास्त अधिकार आहेत, आणि सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांनी जंगलाचं व्यवस्थापन स्वतः आखलं आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये हा हक्क मिळाला. कुठे बांबू तोडायचा, कुठे नाही, कुठे चराई बंद, हे तिथे गाव बसून ठरवतं. जमिनीच्या वापराचं नियोजन म्हणून मला ते आपल्या रंगीत नकाशांपेक्षा जास्त पक्कं वाटतं, कारण ठरवणारे आणि पाळणारे तेच.

राहिले दलाल. प्रारूप प्रसिद्ध होण्याआधी मोबाइलवर फिरणारा कोणताही रंगीत नकाशा धरून व्यवहार करू नका, असं तुमच्या लोकांना आत्ताच सांगा, दवंडी द्या, फलक लावा. तो नकाशा खरा असला तरी सभागृहात, समितीत आणि मंत्रालयात, तीन ठिकाणी बदलू शकतो. प्रसिद्ध झाल्यावर नगरपंचायतीतून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या, त्यावर तारीख आणि सही-शिक्का बघा. विकणाऱ्यानं "एन.ए. होऊनच राहिलं" म्हटलं तर आदेशाचा क्रमांक मागा. आणि पिवळ्यात आलेलं शेतसुद्धा भोगवटादार वर्ग-२ चं, म्हणजे सरकारी अटींवर दिलेलं, असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकत घेऊ नका, कारण रंग बदलला तरी सातबारावरचा शेरा तसाच राहतो. सध्या पाहणी सुरू असेल तर येत्या आठवड्यात मुख्याधिकाऱ्यांना पत्र द्या, की विद्यमान जमीन वापराचा कच्चा नकाशा प्रभागनिहाय मोठ्या आकारात छापून आठवडी बाजाराच्या दिवशी नगरपंचायतीच्या ओसरीवर लावावा, आणि शेजारी एक वही ठेवावी.